रोहिणीची भिंत आणि हूकचा नियम

पदार्थाला जितका ताण द्यावा तितका तो लांबतो, दुप्पट ताणाला दुप्पट लांबतो, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. आणि पुढील काळात पूल, आगगाडीचे रूळ, घड्याळाच्या कमानी, धरणांचे दरवाजे यांचे जे जे गणित मांडले गेले, त्या बहुतेकांच्या मुळाशी हाच नियम राहिला. पोलादाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक एकदा काढून कोष्टकात लिहिला, की कारखानदारापासून परीक्षेच्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना तो आयुष्यभर पुरतो. साहजिकच, शरीराकडे यंत्रविद्येच्या दृष्टीने ज्यांनी प्रथम पाहिले त्यांची अपेक्षा अशी होती, की हाडाचा एक, स्नायूचा एक, कातडीचा एक आणि रक्तवाहिनीचा एक असे गुणांक यथावकाश काढून त्याच कोष्टकाखाली जोडता येतील. हाडाच्या बाबतीत ही अपेक्षा बऱ्याच अंशी फळाला आली. मऊ अवयवांच्या बाबतीत ती कधीच फळाला आली नाही, आणि ती का आली नाही याचा शोध घेता घेताच जीवयामिकीतील सर्वांत समृद्ध असे एक दालन उघडले.

पॅरिसमध्ये काम करणाऱ्या गिय्योम वेर्थाइम या पदार्थवैज्ञानिकाने १८४७ साली मानवी ऊतकांची स्थितिस्थापकता आणि बळकटी यांवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. हाडाच्या पट्टीने हूकचा नियम जवळजवळ पाळला. पण मऊ ऊतकांच्या पट्ट्यांवर वजने टांगीत जाताना असे दिसून आले, की आलेखावर सरळ रेषा उमटण्याऐवजी वक्र रेषा उमटते, म्हणजे पहिल्या थोड्या वजनांना ऊतक भराभर लांबते आणि पुढे पुढे तितक्याच वजनवाढीला ते कमी कमी लांबत जाते. वेर्थाइमने त्या वक्राला अपास्ताचे समीकरण बसवून दाखविले. काही शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी हा धागा पुढे चालविला; परंतु यंत्रशास्त्राने, पोलाद आणि दगड यांच्या कामात गढून गेल्यामुळे असेल, त्याची फारशी दखल घेतली नाही.

हा वक्र कसा उमटतो हे कंडरेच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या पांढऱ्याशुभ्र दोरीच्या, परीक्षेत सर्वांत स्वच्छ दिसते. कंडरेची बारीक पट्टी परीक्षणयंत्राच्या दोन चिमट्यांत धरलेली आहे, ती सुकू नये म्हणून कोमट खारट द्रावणात बुडविलेली आहे, आणि वरचा चिमटा सावकाश वर सरकतो आहे, अशी कल्पना करावी. लांबी सुमारे दोन टक्क्यांनी वाढेपर्यंत यंत्राच्या काट्यावर नोंदण्याजोगे फारसे काही घडत नाही. याच वेळी पट्टी ध्रुवित प्रकाशाखाली पाहिली, तर तिच्यावर आडवे उजळ आणि काळे पट्टे एकाआड एक दिसतात, कारण तिच्यातील तंतू सरळ नसून नागमोडी असतात. आणि ताण वाढत जातो तसतसे हे पट्टे फिके होत अखेरीस नाहीसे होतात. विहिरीच्या दोराची ढील संपेपर्यंत घागरीचे वजन हाताला जाणवत नाही, तसेच येथे आहे. फरक इतकाच, की येथे असंख्य दोर आहेत आणि प्रत्येकाची ढील निराळी आहे, त्यामुळे वजन एकदम न लागता क्रमाक्रमाने लागते. नागमोड संपली की काटा झपाट्याने चढतो, रेषा जवळजवळ सरळ होते, आणि लांबी आठ ते दहा टक्क्यांनी वाढली असता पट्टी तुटते. त्या क्षणी एक चौरस मिलिमीटर छेदावर सुमारे दहा किलोग्रॅम वजन तोललेले असते, ही बाब कोणत्याही शिल्पज्ञाने आदराने पाहावी अशी आहे.

हे तंतू कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात. या प्रथिनाच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, हे १९५४-५५ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेवर क्ष-किरण टाकून मिळविलेल्या चित्रांच्या आधारे मांडले. आणि ज्या काळात अशा शोधांचा मान केंब्रिज व पॅसाडेना यांच्याकडेच जावयाचा असा रिवाज होता, त्या काळात हे काम आपल्या देशातील एका नव्या विभागात झाले, याचा उल्लेख मी मुद्दाम करतो. कोलॅजेनचा सोबती इलॅस्टिन. त्याचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे: तो रबरासारखा मूळ लांबीच्या दुपटीपर्यंत ताणला जातो, सोडला की परत येतो, आणि त्याचा ताठपणा कोलॅजेनच्या साधारण हजाराव्या हिश्शाइतकाच असतो.

रोहिणीच्या भिंतीत हे दोघे एकत्र नांदतात, आणि कोणाकडे कोणते काम आहे याची रुजवात कॅनडातील मार्गो रोच व ॲलन बर्टन यांनी १९५७ साली एका अत्यंत साध्या आणि म्हणूनच सुंदर प्रयोगाने घातली. मानवी रोहिणीच्या काही तुकड्यांतील इलॅस्टिन त्यांनी ट्रिप्सिन या पाचक विकराने विरघळवून टाकले, दुसऱ्या काही तुकड्यांतील कोलॅजेन फॉर्मिक आम्लाने काढून टाकले, आणि उरलेल्या भिंतीचा ताण व विस्तार यांचा आलेख काढला. कोलॅजेन गेलेल्या तुकड्यांचा वक्र सुरुवातीच्या मऊ भागाशी जुळला. इलॅस्टिन गेलेल्या तुकड्यांचा वक्र शेवटच्या ताठ भागाशी जुळला. म्हणजे कमी दाबाला भिंतीचा कारभार इलॅस्टिनकडे असतो, आणि दाब वाढू लागला की तो हळूहळू कोलॅजेनकडे जातो. रबराच्या साध्या नळीत दाब वाढवीत नेला तर एखाद्या ठिकाणी ती अकस्मात फुगून येते. निरोगी रोहिणी तशी फुगत नाही, याचे कारण या बदलत्या कारभारात आहे.

याच व्यवस्थेत वार्धक्याचेही एक कारण दडलेले आहे. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर महारोहिणी वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख वेळा फुगते आणि पूर्ववत होते. तिच्यातील इलॅस्टिन मुख्यतः बालपणी आणि वाढीच्या वयात तयार होते. पुढे त्याची भरपाई नाममात्रच होते. जी चादर वयाच्या दहाव्या वर्षी विणून झाली तीच सत्तराव्या वर्षापर्यंत वापरावयाची, आणि तेवढ्या अवधीत तिचे धागे जागोजाग तुटावयाचेच. ते तुटले की तोच रक्तदाब ताठ कोलॅजेनवर येऊन पडतो. नाडीची लाट तरुण माणसाच्या महारोहिणीतून सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने धावते, तीच उतारवयात दहा मीटर आणि त्याहूनही अधिक वेगाने धावते. कारण भिंत जितकी ताठ तितकी लाट वेगवान, हे मोएन्स व कोर्टेवेख या दोघा डचांनी १८७८ सालीच गणिताने दाखविले होते.

ताण हा केवळ प्रयोगशाळेतला प्रकार नव्हे, शरीर स्थिर असतानाही तो शरीरात भरलेला असतो, हे कातडीने प्रथम शिकविले. व्हिएन्नातील शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लांगर याने १८६१ साली प्रेतांच्या कातडीला गोल टोच्याने शेकडो भोके पाडली. टोच्या गोल असूनही भोके गोल राहिली नाहीत. ती लांबट फटींसारखी झाली, आणि शेजारशेजारच्या फटी जोडत गेल्यावर सबंध शरीरावर रेषांचा एक नकाशा तयार झाला. कातडी त्या रेषांच्या दिशेने अधिक ताणलेली असते. शल्यचिकित्सक आजही छेद घेताना अशा रेषांचा विचार करतात, कारण रेषेला आडवी गेलेली जखम फाकते आणि तिचा व्रण रुंद राहतो.

कातडीच्या या गुणाशी व्यवहार करण्याचे कौशल्य शास्त्राच्या आधी कारागिरांच्या हाती आलेले होते, आणि त्याचा एक दाखला पुण्याचा आहे. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान कैद झाला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने ते नवे करून दिले, आणि त्याची हकीकत चित्रासह १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली. त्याने प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून हव्या त्या आकाराचे नाक घडविले. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ आखली, आणि तेवढी कातडी सोडवून, दोन डोळ्यांच्या मधला एक अरुंद पट्टा शाबूत ठेवून, ती उलटवून खाली बसविली. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो जोडपट्टा कापला. उंचसखल पृष्ठाला सपाट कातडीचा किती आणि कोणत्या आकाराचा तुकडा लागेल, हा जो प्रश्न त्या मेणाच्या पत्र्याने सोडविला, तोच आज गणनयंत्रावर सोडविला जातो. आणि सोडविलेली कातडी ताण सुटताच आक्रसते, हा हिशेब त्यात धरावा लागतो.

तथापि या विखुरलेल्या निरीक्षणांना एका नियमाखाली आणण्याचे काम वैद्यकाच्या नव्हे, विमानविद्येच्या इलाख्यातून आलेल्या माणसाने केले. युआन-चेंग फुंग यांचा जन्म १९१९ साली चीनमधील चांगचौ येथे झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी १९४८ साली डॉक्टरेट मिळविली, आणि वाऱ्याच्या झोतात विमानाचे पंख का थरथरतात या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध होऊन प्रमाणभूत मानला गेला. १९५७-५८ चे वर्ष त्यांनी जर्मनीत ग्योटिंगेन येथे काढले. तिकडे चीनमध्ये त्यांच्या आईला काचबिंदूने ग्रासले होते. मुलाने तेथील ग्रंथालयात डोळ्यांच्या वैद्यकावरील नियतकालिके चाळून त्यांतील नवी माहिती मायदेशी पाठविण्याचा परिपाठ ठेवला, आणि हे करता करता त्यांच्या ध्यानात आले, की डोळ्यातील दाब, रक्ताचा प्रवाह, भिंतींचे ताण हे सारे प्रश्न आपल्याच विद्येचे आहेत, पण आपल्या विद्येतील माणसे तेथे जवळपास नाहीत. चाळिशीला आलेल्या, एका शास्त्रात नामांकित झालेल्या माणसाने दुसऱ्या शास्त्राचा श्रीगणेशा गिरवावयास बसावे, हे दृश्य विरळा. १९६६ साली ते सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेले ते जीवयामिकीचेच होऊन गेले.

त्यांनी निवडलेले ऊतक होते सशाचा आंत्रबंध, म्हणजे आतड्यांना मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा पातळ, पारदर्शक पडदा. तो इतका पातळ असतो की त्याला जवळजवळ द्विमितीय समजता येते. त्याची पट्टी ताणून मिळालेला वक्र त्यांनी १९६७ साली एका निराळ्याच रीतीने मांडला: ताण आणि लांबी यांचा आलेख काढण्याऐवजी, वक्राचा प्रत्येक ठिकाणचा चढ किती आहे तो मोजून त्या त्या ठिकाणच्या ताणापुढे मांडला. आणि वाकडी रेषा सरळ झाली. याचा अर्थ असा, की ऊतकाचा ताठपणा हा त्याच्यावर आधीच असलेल्या ताणाच्या प्रमाणात वाढतो. आणि गणिताच्या भाषेत याचेच दुसरे नाव घातीय फलन. म्हणून ‘रोहिणीचा स्थितिस्थापकतेचा गुणांक किती?’ हा प्रश्नच अपुरा ठरला. किती ताणलेल्या अवस्थेत, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. माझ्या मते फुंग यांचे मोठेपण समीकरणापेक्षा या प्रश्नाच्या दुरुस्तीत आहे.

दुसरी अडचण काळाची. ऊतक ताणून तसेच धरून ठेवले तर त्यातील ताण हळूहळू उतरतो. ताणताना जी वाट आलेखावर उमटते, सोडताना तीच उमटत नाही. आणि तोच प्रयोग दुसऱ्यांदा केला तर पहिल्यासारखा वक्र मिळत नाही. म्हणून नमुना प्रथम अनेकदा ताणून सोडावयाचा, वक्र स्वतःची पुनरावृत्ती करू लागला की मगच मोजमापास सुरुवात करावयाची, असा दंडक पडला. श्यान द्रव आणि स्थितिस्थापक घन यांच्या मिश्रणाचे जे गणित लाखेसाठी किंवा डांबरासाठी चालते ते येथे चालेना, कारण ताणण्याचा वेग हजारपट बदलला तरी ऊतकाच्या वागणुकीत फरक अगदी थोडा पडतो. फुंग यांनी यासाठी शिथिलीकरणाचे एक-दोन नव्हे तर अखंड पंक्तीने पसरलेले काळ कल्पिले, आणि त्यांची ही मांडणी संशोधक अद्याप वापरीत आहेत.

परंतु सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच होती. जाड भिंतीच्या नळीत दाब भरला की आतल्या थरांना बाहेरच्या थरांपेक्षा प्रमाणाने अधिक फाकावे लागते. हूकचा नियम लागू असता तर हा फरक सोसण्याजोगा होता. परंतु घातीय नियमात लांबीतल्या लहानशा फरकाचा ताणात फार मोठा फरक होतो, आणि या हिशेबाने महारोहिणीच्या आतल्या अस्तराजवळील ताण बाहेरच्या पृष्ठावरील ताणाच्या कित्येक पट निघू लागला. गणितात चूक सापडेना, आणि भिंतीचा एक भाग सदैव तुटण्याच्या बेतात व दुसरा जवळजवळ बेकार, ही व्यवस्था शरीरात असेल हे पटेना. १९८३ साली फुंग यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे रमेश वैष्णव व त्यांचे सहकारी वोसूघी यांनी, ज्या गृहीतावर हे सारे गणित उभे होते त्यालाच हात घातला. रक्त काढून टाकलेल्या, दाब मुळीच नसलेल्या रोहिणीचे कडे घ्यावे, त्याला एका बाजूस आतून बाहेरपर्यंत उभा छेद द्यावा. कडे आपसूक उघडते. त्याची टोके एकमेकांपासून दूर जातात, आणि बंद वर्तुळाच्या जागी वर्तुळाचा एक तुकडा उरतो. म्हणजे दाब नसतानाही आतले थर दाबलेले आणि बाहेरचे थर ताणलेले होते. रिकामी रोहिणी ही ताणरहित रोहिणी नव्हती. या अवशिष्ट ताणाची नोंद जमेस धरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा रक्तदाबाखाली भिंतीतील ताण आतून बाहेरपर्यंत जवळजवळ सारखा निघाला. ज्या तफावतीने इतकी वर्षे सर्वांना अडविले होते ती शरीराने अगोदरच वळती करून ठेवलेली होती.

शरीर ती वळती कशी करते याचा मागही पुढे लागला. उंदरांना नेहमीच्या निम्म्या प्राणवायूच्या हवेत ठेवले की त्यांच्या फुप्फुसांतील रोहिण्यांचा दाब चढतो. मग काही दिवसांतच त्या रोहिण्यांच्या भिंती जाड होतात, आणि त्यांचे कडे कापले असता ते पूर्वीपेक्षा निराळ्या कोनात उघडते. भिंतीतील पेशी ताण ओळखतात, जुने तंतू काढतात, नवे घालतात, आणि नवे तंतू घालताना ते कोणत्या ताणात घातले जातात यावर पुढचा आकार ठरतो. पोलादाची पट्टी काल काय सोसले ते विसरते. रोहिणी विसरत नाही.

या सर्वांना सामावणारे जे प्रतिमान आज बहुधा वापरले जाते ते गेरहार्ट होल्झाप्फेल, थॉमस गासर आणि रे ऑग्डेन यांनी २००० साली प्रसिद्ध केले. त्यात भिंत ही मऊ, रबरासारख्या आधारद्रव्याची आणि त्यात मळसूत्राप्रमाणे उलटसुलट फिरणाऱ्या दोन तंतुसमूहांची बनलेली कल्पिली आहे. तंतू ताणाला घातीय नियमाने विरोध करतात, दाबाला मात्र मुळीच नाही. गुडघ्यातील कूर्चेसाठी वेगळी तजवीज करावी लागली. तिच्यात सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असल्यामुळे व्हॅन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली ती घन आणि द्रव अशा दोन पदार्थांची मानली, आणि उभे राहताच पडणारा भार प्रथम कोंडलेले पाणीच उचलते हे दाखविले.

या गणिताचा रुग्णाला काय उपयोग, असा प्रश्न रास्तच आहे. रोग्याच्या पोटावर बोटे दाबून यकृत कठीण लागते का हे पाहण्याची रीत पुरातन. पण तो कठीणपणा आकड्यात सांगता येत नसे, आणि खात्रीसाठी सुई घालून तुकडा काढावा लागे. १९९५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये राजा मुथुपिल्लई, रिचर्ड एहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊतकात मंद कंपने सोडून त्यांच्या लाटा चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रावर टिपण्याची युक्ती प्रसिद्ध केली. लाटेच्या वेगाचा वर्ग आणि ऊतकाची घनता यांच्या गुणाकाराने ताठपणा मिळतो. निरोगी यकृताचा तो सुमारे दोन किलोपास्कल भरतो. काठिण्य पूर्ण झालेल्या यकृताचा पाचाच्या वर जातो. तपासणीपूर्वी रोग्याने काही तास उपाशी राहावे असा नियम आहे, आणि त्यात फुंग यांचाच सिद्धांत डोकावतो: जेवणानंतर यकृतात रक्त अधिक येते, त्याच्या आवरणावर ताण चढतो, आणि तेच यकृत ताठ असल्याचे दिसू लागते.

महारोहिणीच्या विस्फाराचा प्रश्न मात्र अद्याप अवघड आहे. पोटातील महारोहिणी, जी सामान्यतः दोन सेंटिमीटरच्या आसपास असते, ती काही माणसांत वर्षानुवर्षे रुंदावत जाते, आणि फुटली तर बहुतेक रुग्ण दगावतात. पुरुषांत व्यास ५.५ सेंटिमीटर झाला की शस्त्रक्रिया करावी असा सर्वसाधारण संकेत आहे. पण काही विस्फार त्याआधीच फुटतात आणि काही त्यापुढे जाऊनही टिकतात. कारण भिंत व्यासाने नव्हे, ताण तिच्या बळकटीपेक्षा अधिक झाल्याने फुटते. रुग्णाच्या क्ष-किरण छेदचित्रांवरून विस्फाराचा आकार गणनयंत्रात उतरवून त्याच्या भिंतीतील ताण आज ठिकठिकाणी मोजता येतो. बळकटी मात्र तुकडा कापून ओढल्याशिवाय कळत नाही, आणि ज्याची भिंत कापावयाची नाही त्याच्यासाठी तर हा खटाटोप. त्याहून कठीण बाब अशी, की चित्रात दिसणारा आकार हा रक्तदाबाखाली आधीच ताणलेला आकार असतो. हिशेब सुरू करावयाचा तो बिनताणाच्या अवस्थेपासून, आणि जिवंत माणसात ती अवस्था कधी दिसतच नाही. म्हणून दिसणाऱ्या आकारावरून न दिसणारा मूळ आकार उलट गणिताने काढावयाचा, हृदयाच्या ठोक्यागणिक भिंत किती हलते हे ध्वनिलहरींनी मोजून त्या उत्तराची पडताळणी करावयाची, आणि छेद न घेता त्या रुग्णाच्या रोहिणीचे कडे किती कोनात उघडले असते याचा अंदाज बांधावयाचा, या कामात सध्याचे संशोधक गुंतलेले आहेत.